सेलची गर्दी आणि अर्धे उचललेले शटर

आम्ही कपड्याचे व्यापारी. गर्दी हीच आमची रोजी. सणाच्या आठ दिवस आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसली म्हणजे आमच्यासारख्याला रात्री झोप चांगली लागते. तेव्हा गर्दीविषयी तक्रारीच्या सुरात लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही, असे काही दोस्त म्हणतील. आमचे म्हणणे उलट आहे. जाहिरात आम्ही देतो, गिऱ्हाईक आम्ही बोलावतो आणि शटरही आम्हीच उचलतो. मग त्या गर्दीत एखाद्याचा जीव गेला तर त्याविषयी सर्वांत आधी बोलायला पाहिजे ते आम्हीच.

नागपूरच्या कापड बाजाराची चाल वाचकांना ठाऊक आहे. इतवारी-गांधीबागेत ठोकचा माल, बर्डी, महाल आणि मोमिनपुऱ्यात चिल्लर. सीझन तीन. दिवाळी, लगीनसरा आणि ईद. दिवाळीचे गिऱ्हाईक पंधरा-वीस दिवसांत पसरते, कारण कोणाचा पगार आधी होतो, कोणाचा बोनस नंतर मिळतो, खेड्यातला कास्तकार कापूस-सोयाबीन विकल्याशिवाय शहरात येत नाही. लगीनसराईचे तर महिने असतात. ईदची गोष्ट वेगळी. रमजानचे पहिले पंधरा रोजे बाजार थंडच. शिवायचे कापड घेणारे तेवढे लवकर येतात, कारण पंधराव्या रोज्यानंतर टेलर मास्टर ऑर्डर घेत नाही. खरा बाजार भरतो तो शेवटच्या अशऱ्यात, तोही तरावीहनंतर रात्री. आणि चाँदरातीला काय होते ते सांगायला नको. चाँद २९ चा की ३० चा, हे मगरिबपर्यंत कोणाला माहीत नसते. चाँद दिसला की ज्यांनी उद्यावर ठेवले होते ते सगळे एकाच घटकेला घराबाहेर पडतात. पूर्ण दिवसाचे गिऱ्हाईक चार-पाच तासांत, त्याच गल्लीत, त्याच दुकानांत. सोबत शेवयावाले, बांगडीवाले, चपला-टोप्यांच्या हातगाड्या, आणि मधून हॉर्न वाजवत घुसणाऱ्या मोटारसायकली.

२००४, २००५ आणि २००६ ही तीन वर्षे जुन्या दुकानदारांच्या ध्यानात असतील. त्या तिन्ही वर्षी दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या आत आली होती. दोन सीझन एकावर एक. धंदा भरपूर झाला, पण रस्त्यावरून चालता येत नव्हते. हिजरी साल सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून हा योग साधारण तेहतीस वर्षांनी फिरून येतो. २०३७-३८ च्या सुमारास तो पुन्हा येईल. तोवर गल्ल्या काही रुंद होणार नाहीत.

ही झाली सणाची आपोआप जमणारी गर्दी. ती जुनी आहे, तिला बाजार सरावलेला आहे. गिऱ्हाईक दहा दुकानांत वाटले जाते. इथे जागा नाही तर पुढच्या दुकानात. आमची चिंता दुसऱ्या गर्दीची आहे. 'फक्त एक दिवस', 'सकाळी १० वाजता', 'पहिल्या ५० गिऱ्हाईकांना', '१० रुपयांत साडी'. ही गर्दी एका दारावर, एका वेळेला, मोजक्या मालासाठी जमवलेली असते. तिथे पुढचे दुकान नसते. मागे राहणाऱ्याला काहीच मिळणार नाही, हे जाहिरातीतच छापलेले असते. मग लोक ढकलतात तेव्हा आम्ही म्हणतो, 'काय लोक आहेत, शिस्त म्हणून नाही!'

आता थोडा साडीचा हिशेब मांडतो. दुसरा कुठलाही माल घेतला नाही, आमच्याच धंद्याचा घेतला.

१२ एप्रिल २००४. लखनौमध्ये एका राजकीय नेत्याच्या वाढदिवसानिमित्त फुकट साड्या वाटण्याचा कार्यक्रम होता. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस. हजारो बायका जमल्या. चेंगराचेंगरीत २० हून अधिक जीव गेले, बहुतेक बायकांचे. साडी अगदी हलक्या भावाची होती.

१० जुलै २०१५. बांगलादेशातील मयमनसिंह शहर. रमजानचा महिना, पहाटेची वेळ. एका जर्दा कारखान्याच्या मालकाकडून जकातीचे कपडे वाटले जाणार होते. फाटकाबाहेर रात्रीपासून गरीब बायका बसलेल्या. फाटक उघडले आणि किमान २३ जणांचा जीव गेला, त्यात बायकाच जास्त. त्या देशात 'जकातीची साडी' म्हणून विरळ विणीचा, स्वस्त माल वेगळा तयार होतो आणि रमजानच्या आधी ठोकात विकला जातो.

फेब्रुवारी २०१९. तेलंगणातील सिद्दीपेट येथे एका कपड्याच्या मोठ्या दुकानाने १० रुपयांत साडी जाहीर केली. दारावर बायका एकमेकींवर पडल्या, कित्येक जखमी झाल्या.

४ फेब्रुवारी २०२३. तमिळनाडूतील वाणियंबाडी. थैपूसम सणासाठी साडी-वेष्टी वाटायची होती. ती अजून वाटलीही नव्हती. नुसते टोकन घेण्यासाठी गर्दी झाली आणि ४ बायका दगावल्या. टोकन दिले म्हणजे बंदोबस्त झाला असे समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. टोकन वाटायची जागा हीच मग गर्दीची जागा होते. डिसेंबर २००५ मध्ये चेन्नईतही असेच झाले. पूरग्रस्तांच्या मदतीची टोकने वाटताना ४२ माणसे गेली होती.

ह्या चारही ठिकाणी साडीची ठोकची किंमत काढली तर आमच्या एका दिवसाच्या चहापाण्याच्या खर्चाएवढी निघेल. बायका साडीसाठी मेल्या असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, त्या वाटपाच्या पद्धतीमुळे मेल्या.

सेलच्या दारात मरणाची जगभर गाजलेली घटना अमेरिकेतली. २८ नोव्हेंबर २००८, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील वॉलमार्टचे दुकान. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा सण असतो आणि दुसऱ्या दिवशी नाताळच्या खरेदीचा मोठा सेल लागतो, त्याला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. हे नाव व्यापाऱ्यांनी दिलेले नाही. फिलाडेल्फिया शहराचे पोलीस त्या दिवशीच्या गर्दीने आणि वाहतुकीने इतके हैराण होत की त्यांनीच १९५०-६० च्या दशकात ते रूढ केले. व्यापाऱ्यांना आधी ते आवडले नव्हते, पुढे त्याचाच झेंडा केला. आता आमच्या नागपुरातही मॉलवर ही पाटी लागते. जुम्याला काळा का म्हणायचे, म्हणून २०१४ मध्ये दुबईच्या एका ऑनलाइन कंपनीने त्याचे 'व्हाइट फ्रायडे' केले. नाव धुतले, सेल तोच.

तर त्या पहाटे ५ वाजता सुमारे २,००० माणसे दारावर होती. आत हंगामी कामगारांची साखळी करून काचेचे दार धरून ठेवले होते. दार मोडले, आणि ३४ वर्षांचा एक हंगामी कामगार गर्दीच्या खाली गेला. तो गिऱ्हाईक नव्हता, गर्दी आवरायचे काही शिक्षणही त्याला नव्हते. धिप्पाड दिसतो म्हणून दारावर उभा केलेला. आमच्याकडेही सेलच्या दिवशी दारावर कोणाला उभे करतात? दुकानातल्या सर्वांत तगड्या पोऱ्याला. दुकानदारांनी हे विशेष वाचावे.

तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने कंपनीला ७,००० डॉलर दंड केला. एवढ्या बड्या कंपनीला ही रक्कम म्हणजे खिशातली चिल्लर, पण कंपनी त्याविरुद्ध कित्येक वर्षे भांडत राहिली. प्रश्न पैशाचा नव्हता. गर्दी हा मालकाने आधीच ओळखायचा धोका आहे, हे तिला मान्य करायचे नव्हते. खात्याने मात्र सगळ्या दुकानदारांसाठी सूचना काढल्या. त्यातली एक आम्हाला फार अकलेची वाटली. रांगेचे कठडे दुकानाच्या दारापासून सुरू करू नका, दारासमोर मोकळी जागा सोडून पुढे सुरू करा. आमच्याकडे बांबू बांधतात ते नेमके दाराला चिकटवून. म्हणजे मागचा रेटा सरळ शटरवर.

मुसलमान मुलुखातही हे घडलेले आहे. १ सप्टेंबर २००४ रोजी जेद्दाहमध्ये आयकिया ह्या फर्निचर कंपनीचे दुकान उघडताना गिफ्ट व्हाउचरसाठी झालेल्या रेटारेटीत ३ माणसे मेली. पुढच्याच फेब्रुवारीत लंडनच्या एडमंटन भागात त्याच कंपनीने मध्यरात्री दुकान उघडले. ६,००० च्या आसपास लोक आले, माणसे जखमी झाली आणि थोड्याच वेळात दुकान बंद करावे लागले. लंडनचा गोरा आणि जेद्दाहचा अरब, दोघेही दारावर सारखेच वागले. तेव्हा 'आपल्याच लोकांना अक्कल नाही' हे पालुपद सोडून द्यावे हे बरे.

माणूस उभ्या-उभ्या कसा मरतो

चेंगराचेंगरी म्हटले की आपल्याला वाटते, माणूस खाली पडला, लोक त्याच्यावरून धावले आणि तो मेला. तसेही होते. पण ह्या विषयाचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये जे मांडले ते निराळे आहे. बहुतेक माणसे गुदमरून मरतात, आणि कित्येक उभ्यानेच मरतात. छातीवर पुढून-मागून एवढा दाब येतो की बरगड्या फुलत नाहीत. श्वास बाहेर जातो, आत येत नाही. अशा ठिकाणी लोखंडी कठडे वाकलेले सापडले आहेत. ते वाकायला ४५० किलोहून जास्त जोर लागतो. हा जोर कोणा एका गुंडाचा नसतो. मागच्या प्रत्येकाने नुसता थोडा भार पुढे टाकला की तो एकावर एक जमा होत जातो.

एक चौरस मीटर जागेत, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फुटांत, दोन-तीन माणसे असली तर आरामात हलता येते. चार-पाच झाली की अंगाला अंग लागते. सातच्या आसपास गेली की माणूस आपल्या मर्जीचा राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाते, पाय जमिनीवरून सुटतात, चपला निघून जातात, कपडे फाटतात. तिथे शिस्त, संस्कार, शिक्षण काही कामाचे नाही. मौलवी असो की प्रोफेसर, ज्या बाजूला लाट त्या बाजूला तो.

आणि सर्वांत वाईट म्हणजे, मागच्याला पुढचे दिसत नाही. पुढे बाई गुदमरते आहे, मागच्याला वाटते की रांग सरकत का नाही? तो आणखी थोडा पुढे होतो. त्याच्या मनात कोणाचे वाईट करायचे नसते. म्हणूनच फ्रुइन सांगतात की अशा गर्दीत माहिती हीच मोठी गोष्ट. मागच्याला वेळेवर कळले पाहिजे. चुकीची माहिती तर दारूगोळ्यासारखी. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसे गेली. हेच स्टेशन आता प्रभादेवी. पाऊस होता म्हणून लोक जिन्यावर थांबलेले, गाड्यांतून नवीन लोक येतच होते, आणि जिना अरुंद. तेव्हा 'फूल गिर गया' हे कोणीतरी 'पूल गिर गया' असे ऐकले, असे वाचलेल्यांनी सांगितल्याचे छापून आले होते. एका अक्षराचा फरक.

आता हाच हिशेब आमच्या दुकानाला लावून पाहा. इतवारीतले मध्यम दुकान १२ फूट रुंद, ४० फूट खोल धरा. ४८० चौरस फूट. त्यातली निम्मी जागा गादी, काउंटर आणि थानांच्या रॅकने खाल्ली. उरले २४०, म्हणजे २२ चौरस मीटर. चौरस मीटरला दोन ह्या हिशेबाने ४५ गिऱ्हाईक आत असले तर ठीक. सेलच्या दिवशी तिथे दीडशे शिरतात. शटर भले ८ फुटांचे असेल, पण काउंटर, पुतळे आणि बाहेर लटकवलेले ड्रेस सोडले तर वाट उरते ३ फुटांची. सगळे शांतपणे चालले तरी एवढ्या वाटेतून मिनिटाला साठ-सत्तर माणसे बाहेर पडतील. घाबरलेली माणसे तेवढीही पडत नाहीत, दारात अडकून बसतात. दारापुढे दोन पायऱ्यांचा ओटा असला तर पहिला माणूस तिथेच कोसळतो आणि मागचे त्याच्यावर. आणि मागचे दार? ते गाठोड्यांनी बंद. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरात आग लागली, ५९ माणसे धुराने मेली. बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. आमच्या बाजारात तर चारी बाजूंनी कापडच कापड. मागच्या दारासमोर माल रचू नका म्हटले की उत्तर मिळते, 'भाई, जागा कुठे आहे?'

शटरविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. सेलच्या सकाळी मालक शटर पूर्ण उचलत नाही. अर्धे उचलतो, कमरेएवढे. कल्पना अशी की लोक वाकून एक-एक आत येतील. वाकलेल्या माणसाला मागून धक्का लागला की तो तोंडावर पडतो. मग घाबरून शटर पुन्हा खाली ओढतात, आणि पत्र्याची कड कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या बोटांवर बसते. आत शिरलेल्याची मागे राहिलेल्या बायकोपासून ताटातूट होते, ती ओरडते, तो उलटा बाहेर यायला पाहतो. आम्ही बाजारात इतकी वर्षे काढली, चेंगराचेंगरीला ह्याहून सोपा रस्ता पाहिला नाही. उघडायचे तर शटर पूर्ण उघडा, आणि माणसे दारावर नव्हे, दाराच्या कितीतरी आधी रोखा.

नागपूरला हा धडा बाहेरच्या देशातून आणायची गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनात गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. आदिवासींच्या यादीत नाव घ्या एवढीच मागणी. बायका-लेकरे सोबत. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवलेला, पुढे कठडे, पोलिसांचा लाठीमार झाला आणि पळायला वाट नाही. ११४ गोवारी मेले, त्यात बायका आणि लेकरे जास्त. बर्डीचा बाजार तिथून हाकेच्या अंतरावर. तिथला उड्डाणपूल आज त्यांच्याच नावाने आहे. तो मोर्चा हक्काचा होता, सेलचा नव्हे. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही, कोणी करू नये. पण पुढून बंद आणि मागून रेटा असला म्हणजे माणसाच्या छातीचे काय होते, हे ह्या शहराला त्या दिवसापासून माहीत आहे.

आणि ह्याच शहरात उलट दाखलाही आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. ते काही एका घटकेला एका दारावर येत नाहीत. आदल्या दिवसांपासून येत राहतात, पुस्तकांचे आणि खाण्याचे स्टॉल मैदानाबाहेर रस्त्यांवर दूरपर्यंत पसरलेले असतात, समता सैनिक दलाचे लोक वाट मोकळी ठेवतात. पुस्तकांची केवढी विक्री होते तिथे! कोणी 'पहिल्या पन्नासांना' म्हणत नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तो देशातल्या मोठ्या पुस्तक बाजारांपैकी एक आहे, आणि तो वेळ व जागा पसरवून चालतो.

वेळ पसरवण्याची गोष्ट बड्या दुकानदारांनाही ठेच लागल्यावरच कळली. २६ जानेवारी २००६ ला किशोर बियाणी यांच्या बिग बाजारने 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला. सुटीचा दिवस, एकच दिवस. इतकी गर्दी उसळली की काही शहरांत पोलीस बोलवावे लागले, दुकाने मध्येच बंद करावी लागली. पुढच्या वर्षांत त्याच सेलचे तीन दिवस झाले, मग त्याहून जास्त. विक्री काही कमी झाली नाही. ते बिग बाजार २०२२ मध्ये कर्जापायी बुडाले हा वेगळा किस्सा. त्याचे कारण सेलची गर्दी नव्हे.

काही मित्र म्हणतात, आता ऑनलाइनचा जमाना, गर्दीचा प्रश्न आपोआप मिटेल. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टच्या पहिल्या मोठ्या सेलला इतके लोक तुटून पडले की वेबसाइट बंद पडली आणि मालकांना माफी मागावी लागली. तिथे रेटारेटी झाली, पण कोणाची बरगडी मोडली नाही. एवढा मुद्दा आम्ही मान्य करतो, जरी ह्या कंपन्यांनी आमच्या धंद्याची जी दशा केली त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. पण गरीब बाई मोबाइलवर साडी घेत नाही. ती कापड बोटांत चुरगाळून पाहते, काठ उलटा करून पाहते. ती बाजारातच येणार. आणि स्वस्ताईचा आकडा ऐकून सर्वांत आधी तीच येणार.

जकातीची साडी

आता जे लिहायचे ते आमच्या बिरादरीच्या व्यापाऱ्यांसाठी. रमजानात आपल्यातले बरेच दुकानदार जकात-सदक्याच्या साड्या, लुंग्या, सूट पीस दुकानाच्या दारावरच वाटतात. नियत चांगली असते यात शंका नाही. पण दारावरची वाटणी आणि १० रुपयांचा सेल, गर्दीच्या दृष्टीने दोन्ही एकच. नव्हे, वाटणी जास्त धोक्याची, कारण येणारे जास्त अशक्त असतात. म्हाताऱ्या बायका, कडेवर लेकरू घेतलेल्या बेवा, रोज्याने सुकलेल्या.

१९ एप्रिल २०२३ च्या रात्री, ईदच्या तोंडावर, यमनची राजधानी सना येथे व्यापाऱ्यांकडून एका शाळेत पैसे वाटले जात होते. माणशी ५,००० रियाल, म्हणजे १० डॉलरच्या आसपास. गर्दी आवरायला हवेत गोळीबार झाला, विजेच्या तारेवर ठिणगी उडाली, आणि पळापळीत किमान ७८ माणसे गेली. त्याच रमजानात ३१ मार्चला कराचीच्या कारखान्यांच्या भागात जकात वाटताना किमान ११ बायका आणि लेकरे मेली. १४ सप्टेंबर २००९ ला त्याच कराचीत फुकट पिठासाठी अठराच्या आसपास बायका-मुली मेल्या होत्या. देणारे बहुतेक आमच्यासारखेच व्यापारी. सगळीकडे मुहूर्त रमजानचाच.

कायद्याचेही ऐकून ठेवा. हयगयीने कोणाचा मृत्यू झाला तर पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३०४-अ लागे, सजा जास्तीत जास्त २ वर्षे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले आहे, सजा ५ वर्षांपर्यंत. 'मी तर खैरात करत होतो' हे उत्तर तिथे चालेल असे आम्हाला वाटत नाही.

लोक विचारतात, मग वाटायचेच नाही का? जरूर वाटा, पण घेणाऱ्याला दारावर बोलावू नका. जकात घेणाऱ्याने रांगेत उभे राहून, फोटो काढून घेऊन ती घ्यावी असे कुठे लिहिले आहे? खरे विचाराल तर रोख पैसे द्यावेत हे आमचे मत. बाईला साडी हवी की लेकराची फी भरायची, हे तिचे तिने ठरवावे. शिवाय 'जकातीचा माल' म्हणून जे विरळ पोताचे थान काढले जाते ते पाहून आम्हालाच लाज वाटते. तरी ज्याला कपडाच द्यायचा त्याने मोहल्ल्याची यादी करावी. मशिदीच्या कमिटीला, मोहल्ल्यातल्या शाळेच्या उस्तादांना बेवा आणि गरजू घरे बरोबर ठाऊक असतात. शाबानमध्येच माल बांधून ठेवावा, रमजानच्या पहिल्या अशऱ्यात घरोघरी पोहोचवावा. ईदच्या आधी शिवून होईल हा दुसरा फायदा.

सेलवाल्यांनी एवढे तरी करावे. एक दिवसाचा सेल आठ दिवस चालवावा. 'पहिले पन्नास' हे शब्द जाहिरातीतून काढावेत. माल किती आहे ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे, संपला की लगेच भोंग्यावरून रांगेच्या शेवटापर्यंत सांगावे. ओट्यावरचे पुतळे सणापुरते आत घ्यावेत. मागच्या दारापुढची गाठोडी गोदामात न्यावीत. दारावर पोऱ्या नको, मालकाने स्वतः उभे राहावे. चाँदरातीला गल्लीच्या दोन्ही तोंडांना मोटारसायकली अडवण्यासाठी बाजार कमिटीने आधीच पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, चाँद दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

घरपोच वाटणीचा खर्च आम्ही काढून पाहिला. एका ऑटोत शंभर-दीडशे साड्या सहज मावतात. मोमिनपुऱ्यापासून टिमकी, गोळीबार चौकापर्यंत एका संध्याकाळी दोन फेऱ्या होतात. जे भाडे होईल ते जकातीत धरू नये, दुकानाच्या खर्चात टाकावे.